किकांबाचा रविवारचा क्लास, फतेहगंज, बडोदा – आम्हा नवरा-बायकोचा अनुभव

पहिलंच सांगून टाकतो, पाचातले साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. बडोद्यात बसून आफ्रिकेतली एखादी भाषा, तीही स्वाहिली सोडून किकांबा, म्हणजे केनियातल्या कांबा लोकांची भाषा, कुणी समोर बसवून शिकवत असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. पण आहे असा क्लास, फतेहगंजात, एका मराठी आजींच्या घराच्या माडीवर, आणि आम्ही दोघांनी तो 8 रविवार पूर्ण केलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण शोधणाऱ्याला याबद्दल कुठे काही वाचायला मिळत नाही.

आम्ही का गेलो ते आधी. मी मकरपुरा जीआयडीसीत 17 वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, आता दोन वर्षांसाठी केनियाला चाललोय, अथी रिव्हरला, नैरोबीपासून फार लांब नाही, माचाकोस काउंटीत येतं, तिथे सिमेंटचे कारखाने आहेत. फोनवर इंटरव्ह्यू झाला तेव्हा तिकडचा माणूस म्हणाला की ऑफिसात इंग्रजी चालेल, बाकी स्वाहिली, पण प्लांटवरची बरीच पोरं आपसात किकांबा बोलतात. मी तेव्हाच ठरवलं की चार वाक्यं तरी शिकून जायचं. कारण मेंटेनन्सवाल्याचं अर्धं आयुष्य कुठून गळतंय, वर का खाली, आतून का बाहेरून, पाना कुठे ठेवला, ह्यातच जातं. नमस्कार-चमत्कार एक वेळ नाही जमला तरी चालेल, पण "कुठे" जमलंच पाहिजे.

आधी एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले होते, नाव घेत नाही. त्यात चाळीस प्राणी, दहा फळं, एक ते वीस आकडे आणि एक गाणं. सिंहाला काय म्हणतात ते कळलं पण "सिंह कुठे आहे" हे विचारता येईना, आणि खरी गरज तर त्याचीच! तक्रार केली तर उत्तर नाही. ते पैसे गेलेच.

मग युनिव्हर्सिटीतल्या एका ओळखीच्याकडून ह्या क्लासचं कळलं. शिकवणारे सर मूळचे केनियातल्या कितुईकडचे, इथे एम.एस. युनिव्हर्सिटीत एम.ए. करतायत, वय असेल पंचवीस-सव्वीस, पण आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो आणि ते मला काका म्हणतात, बायकोला काकी, आजींकडून ऐकून ऐकून शिकलेत. शिकवतात इंग्रजीत, मधे मधे हिंदी-गुजराती, आणि आता मराठीही डोकावते.

माडीवर खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला जे वाक्य शिकलो ते होतं "ईकाला न्थी", म्हणजे खाली बस. न्थी म्हणजे जमीन, आणि देश, पृथ्वी ह्यालाही न्थीच. जमिनीलाच "खाली" म्हणायचं, वेगळा शब्द कशाला पाहिजे. हे मला फार आवडलं, आणि जे शिकायचं ते करत करत शिकायचं हीच पद्धत पुढे आठही रविवार राहिली.

(उच्चाराबद्दल एक सांगतो मग पुढे जातो. त्यांच्या लिपीत इ आणि उ वर एक वळणदार खूण असते, ती असली की आवाज जरा मोकळा होतो, इ थोडा ए कडे आणि उ थोडा ओ कडे झुकतो. असे मिळून सात स्वर. आणि व दोन आहेत, एक ओठ गोल करून, एक ओठ नुसते जवळ आणून, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून माझ्या वहीत मी एकाखाली टिंब दिलंय. स्वर लांबवला की अर्थ बदलतो, तिथे मी ऽ लावतोय.)

तर पहिला खरा धडा. सरांनी मधे एक बुटकं टेबल ठेवलं, त्यावर स्वतःचं पुस्तक, आणि म्हणाले, "ईवूकू यी ईऊलू वा मेसा." ईवूकू पुस्तक, मेसा टेबल, ईऊलू म्हणजे वरचा भाग. पुस्तक टेबलाच्या वर आहे. मग पुस्तक उचललं, जिन्याकडे गेले, परत आत आले, ते सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाले, "ईवूकू यी न्थीनी वा न्यूंबा", पुस्तक घराच्या आत. दहा मिनिटं नुसतं पुस्तक फिरत होतं आणि आम्ही सहा जण ओरडून सांगत होतो ते कुठे आहे. एवढ्यात खालून आजींचा आवाज आला, "अरे बाळा, चहा वर आणू का तुम्ही खाली येताय?" सर थांबले, मला म्हणाले, काका, आजी काय म्हणाल्या त्यातलं वर आणि खाली मला समजलं. आणि फळ्यावर लिहिलं, वर – ईऊलू, खाली – न्थी. चहा वरच आला.

ईऊलूची एक गंमत नंतर कळली. "ईऊलू वा" म्हणजे "च्या वर", आणि एखाद्या गोष्टीविषयी बोलायचं तरी ईऊलू वाच. आपण नाही का म्हणत, त्यावर बोलू, ह्या विषयावर चर्चा झाली. तसंच. माझी बायको मराठीची शिक्षिका आहे, दांडिया बाजारात लहानाची मोठी झालेली, तिला हे ऐकून इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत रिक्षात तेच. तसंच "ईतीना", म्हणजे मागे, आणि नंतर. आपलं "मागून आला" डोक्यात ठेवलं की झालं.

पण मी जे सांगायला हे एवढं लिहितोय ते तिसऱ्या रविवारचं आहे.

किकांबात नामांचे गट असतात. आपल्याकडे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशा तीन पेट्या, त्यांच्याकडे खूप जास्त, आणि गट कळतो शब्दाच्या सुरुवातीवरून. सरांनी फळ्यावर "न्डू" लिहिलं आणि पुढे एकेक अक्षर लावत गेले. मून्डू म्हणजे माणूस. आन्डू, माणसं. कीन्डू, वस्तू. आणि मग वान्डू, म्हणजे जागा. मूळ तेच, पुढचं अक्षर बदललं की माणसाची वस्तू झाली आणि वस्तूची जागा. म्हणजे जागा हा त्यांच्या व्याकरणात माणसाच्या आणि वस्तूच्या पंगतीत पाट मांडून बसलेला एक पूर्ण गट आहे, तिला स्वतःचं विशेषण लागतं, स्वतःचं क्रियापद लागतं. चांगला माणूस, मून्डू मूसेओ. चांगली जागा, वान्डू वासेओ. आपल्याकडे "घरात" हा शब्द वाक्याच्या कोपऱ्यात बसतो, क्रियापद त्याला विचारत नाही, तिकडे जागा क्रियापदाला हाताला धरून चालवते.

आणि जागेचा हा गट एकटा नाही. वान्डूच्या जोडीला कून्डू आहे. तोही जागाच. मग फरक काय? आमच्याबरोबर एक दिल्लीकडचा मुलगा होता, त्याला सर इंग्रजीतून समजावत होते की एक नेमकी जागा आणि एक साधारण परिसर, तो मान हलवत होता पण डोळ्यांत काही दिसत नव्हतं, आणि मलाही धड कळत नव्हतं. मग सरांनी दोन वाक्यं दिली. "ऊका वाऽ." "ऊका कूऊ." दोन्हीचा अर्थ इंग्रजीत एकच, कम हिअर. पहिलं म्हणताना त्यांनी सतरंजीवर आपल्या शेजारी हाताने थोपटलं, दुसरं म्हणताना हात नुसता आपल्या बाजूला हलवला.

बायको ताडकन म्हणाली, अहो, इथे ये आणि इकडे ये!

बस, तिथे दिवा लागला. इथे आणि इकडे. आपण जन्मापासून हा फरक करतो आणि कधी विचारही करत नाही. "इथे ठेव" म्हणजे बोट दाखवलं त्या जागी. "इकडे ठेव" म्हणजे ह्या बाजूला कुठेही. "मुलं इकडे आहेत का?" असं शेजारीण विचारते तेव्हा तिला घर चालतं, अंगण चालतं, गच्ची चालते. वाऽ म्हणजे इथे, कूऊ म्हणजे इकडे. सगळीकडे काटेकोर असं बसत नाही हे सरांनी सांगितलं, पण धरून चालायला एवढं पुरतं. आणि तिसरं घर मू चं, म्हणजे आतलं. स्वाहिलीतही असे तीन वेगवेगळे शब्द आहेत, हापा, हूकू, हूमू, इथे, इकडे आणि ह्याच्या आत. त्या दिवसानंतर सरांनी क्लासमधे इंग्रजीतलं हिअर-देअर बंदच केलं, आम्हा मराठी-गुजरातीवाल्यांना थेट इथे-इकडे सांगायला लागले. शिकवणारा स्वतः शिकतो आणि लगेच बदलतो, मला ह्या क्लासची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटली.

त्यावर आणखी एक थर आहे. वाऽ माझ्याजवळ, वाऊ तुझ्याजवळ, आणि वाया दोघांपासून दूर. आपल्या "तिथे" मधे तुझ्याजवळचं आणि पलीकडचं एकत्र येतं. फोनवर बोलताना हे फार कामाचं आहे. मी कंट्रोल रूममधे आणि पोरगा किल्नपाशी, म्हणजे सिमेंटच्या भट्टीपाशी, तर त्याच्याजवळचा व्हॉल्व वाऊ, आणि आमच्या दोघांच्या पलीकडचा तो वाया. आपल्याकडे अशा वेळी "तिथला, अरे तिथला नाही रे, पलीकडचा" असं होतं, मी ते 17 वर्षं केलंय.

आता लांबचं. हे मला सगळ्यात जास्त भावलं. उंच माणूस, मून्डू मूआसा. बुटका माणूस, मून्डू मूकूवी. आसा म्हणजे लांब, उंच, आणि कूवी म्हणजे आखूड. आता ह्याच विशेषणांना जागेचं वा लावायचं. वाऽसा म्हणजे दूर. वाकूवी म्हणजे जवळ. लांब जागा म्हणजे दूर आणि आखूड जागा म्हणजे जवळ! आणि आपण? "दोरी लांब आहे" आणि "स्टेशन लांब आहे." एकच शब्द. मी पन्नाशीला आलो, रोज म्हणतो की मकरपुरा लांब पडतं, पण दोरीचा लांब आणि रस्त्याचा लांब एक कसा हे डोक्यात कधी आलं नाही, ते कितुईच्या एका पोराने फतेहगंजच्या माडीवर दाखवून दिलं. आपल्याकडे अर्धीच जोडी जुळते, जवळला आपण आखूड म्हणत नाही. त्यांची पूर्ण जुळते. त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं, ती म्हणाली, अरे बाई, खरंच की.

शेवटी लागणारं "नी" तुम्हाला सोपं वाटेल. न्यूंबा घर, न्यूंबानी घरात. सुकुलू शाळा, सुकुलूनी शाळेत. मूऊन्दा शेत, मूऊन्दानी शेतात. मेसानी, टेबलावर. हो, आत पण नी आणि वर पण नी, नेमकं सांगायचं असेल तेव्हा मग ईऊलू किंवा न्थीनी घ्यायचं. आपला त आणि वर इथे एकाच प्रत्ययात मावतात, पण घोटाळा होत नाही, कारण टेबलाच्या आत कोण काय ठेवतं. (न्थीनी दिसायला जमिनीला नी लावल्यासारखा आहे आणि अर्थ मात्र "आत", ह्याने मला दोन आठवडे छळलं.) आणि नकाशात बघा, त्या सगळ्या मुलखाला उकांबानी म्हणतात, माचाकोस, कितुई, मकुएनी ह्या तीन काउंट्या, त्यात शेवटचा "नी" तोच! म्हणजे कांबांच्या मुलखा"त". मुलखाच्या नावातच प्रत्यय चिकटून राहिलाय. 2019 च्या जनगणनेत कांबा लोक 46 लाखांच्या वर निघाले, एवढी माणसं रोज ह्या हिशोबाने जागा मोजतात.

घरासाठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत तेही सांगतो. न्यूंबा म्हणजे बांधलेलं घर, भिंती, छप्पर. मूसी म्हणजे आपलं घर, आपली माणसं, आपलं गाव सुद्धा. हे सांगताना सर थोडा वेळ गप्प झाले, तीन वर्षं झाली म्हणाले मूसी बघून. आजींनी मग त्या दिवशी त्यांना जेवू घालूनच सोडलं.

मधे मधे गोष्टीही होतात आणि त्या मला वेळ फुकट गेल्यासारख्या वाटल्या नाहीत. योहान लुडविग क्राप्फ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने 3 डिसेंबर 1849 ला कितुईकडून लांबवर बर्फाचा डोंगर पाहिला, 5,199 मीटरचा माउंट केनिया, आणि त्याचं नाव त्याने कांबांकडून ऐकलं, पुढे तेच नाव अख्ख्या देशाला. माचाकोसला तिकडचे लोक मसाकू म्हणतात. बायकोने विचारलं आपलं असं काही आहे का तिकडे, तर सरांनी माकिंडूच्या गुरुद्वाऱ्याचं सांगितलं, मोम्बासाच्या रस्त्यावर, जी रेल्वे 1896 ते 1901 मधे हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधली तिच्याच वाटेवर. आम्ही जाणार आहोत.

रोज कानावर पडणारं वाक्य मात्र "वाई थीना". काही प्रॉब्लेम नाही. उशीर झाला, वाई थीना. वही विसरली, वाई थीना. सहाव्या रविवारी सरांनी ते फोडून दाखवलं, वा म्हणजे तीच जागा, मग नकार, मग थीना म्हणजे अडचण. इथे अडचण नाही. "वाई मून्डू" म्हणजे कोणी नाही, आणि "वे मून्डू" म्हणजे कोणी आहे. आहे-नाही म्हणायला सुद्धा पुढे जागा उभी. आपण "घरी कोणी नाही" म्हणतो तेव्हा "नाही" चा संबंध "कोणी" शी, तिकडे तो जागेशी. मला हे समजायला खरंच वेळ लागला, पण एकदा बसल्यावर वाक्यं आपोआप यायला लागली.

आता अर्धा स्टार. एक, नोट्सची झेरॉक्स. ज्या खुणांवर सात स्वर उभे आहेत त्या खुणाच झेरॉक्समधे उडाल्यात, आम्ही सगळ्यांनी पेनाने परत काढल्या, काही चुकल्याही असतील. ज्या भाषेत एका खुणेने शब्द बदलतो तिथे हे चालत नाही, मी सरांना तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी मान्य केलंय. दोन, भाषेत सूर आहेत, म्हणजे आवाज वर-खाली गेला की फरक पडतो, त्याला शेवटच्या रविवारी जेमतेम अर्धा तास मिळाला, तो पहिल्या दिवसापासून पाहिजे होता. तीन, मे महिन्यात माडी भट्टी होते, एकच पंखा. बाकी वाई थीना.

फी दोघांची मिळून 6,400 झाली, माणशी 3,200, आठ रविवार, दोन-दोन तास, चहा धरून. महाग वाटेल पण सहा जणांचीच बॅच, प्रत्येकाला दहा वेळा बोलावं लागतं, लपायला जागा नाही. ज्यांना नुसतं केनियात सफारीला जायचंय त्यांनी येऊ नका, स्वाहिलीची चार वाक्यं पुरतील. पण जे तिकडे राहायला चाललेत, किंवा ज्यांना भाषा ह्या गोष्टीचंच वेड आहे, त्यांनी जरूर यावं, आणि मराठी येत असेल तर अजिबात घाबरू नये, इथे-इकडे आणि लांब हे दोन तुमच्या खिशात आधीच आहेत.

आमच्या घरी आता काय चाललंय ते सांगतो. "वी वा?" म्हणजे कुठे आहेस. "नी वाऽ" म्हणजे मी इथे आहे. कुठे मधला वा आखूड, इथे मधला लांब, फरक तेवढाच. परवा संध्याकाळी मी गॅलरीत स्कूटरची किल्ली शोधत होतो, लाइट गेलेली, मी हाक मारली, वी वा? आतून उत्तर आलं "नी कूऊ." मी म्हटलं, कूऊ का, वाऽ म्हण. तर म्हणाली, अहो, मी ओट्यापाशीही आहे आणि देवापाशीही, निरांजन लावतेय आणि भाजी ढवळतेय, मी इकडे आहे, इथे कशी म्हणू. मी तो प्रसंग पुढच्या रविवारी सरांना सांगितला, ते म्हणाले काकी पास.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं म्हणत होते. चपला खाली ओट्यावरच काढा, जिना अरुंद आहे आणि वरून दुसरी पायरी हलते.